शाळेची परसबाग: कोकणातला उघड्यावरचा वर्ग

कोकणातल्या शाळांना एक गोष्ट आयती मिळालेली आहे. १५ जूनच्या आसपास शाळा भरते आणि त्याच सुमाराला पाऊस लागतो. देशावरच्या शाळेला बाग करायची तर आधी पाण्याची सोय बघावी लागते. आपल्याकडे पहिली घंटा होते तेव्हा माती भिजलेली असते, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला टाकळा वर आलेला असतो आणि घरोघरी राखेत जपून ठेवलेलं बियाणं बाहेर निघालेलं असतं. मुलांचं शाळेचं वर्ष आणि गावाचं शेतीचं वर्ष एकाच आठवड्यात सुरू होतं.

असं असूनही बहुतेक शाळांच्या बागा मार्चपर्यंत टिकत नाहीत. पर्यावरण दिनाला किंवा १५ ऑगस्टला रोपं लावली जातात, फोटो निघतो, अहवाल जातो आणि शिमग्यापर्यंत उरतात त्या काटक्या. याचा दोष शिक्षकांच्या माथी मारून चालणार नाही. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता आणि वर कागदपत्रांचा ढीग अशी अनेक शाळांची गत आहे. अडचण अशी की बाग हे एक जादा काम म्हणून येते. तीच बाग गणित, विज्ञान आणि परिसर अभ्यासाच्या तासाला वापरली तर जादा तास काढावा लागत नाही. ते कसं करता येतं, तेही कोकणच्या मातीत आणि कोकणच्या पावसात, हे इथे मांडतो.

हा विचार काही बाहेरून आलेला नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली. पुढे १९४५ मध्ये उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. नंतर ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणावर गेली. पानं, बिया, दगड हेच शिकवण्याचं साहित्य झालं आणि कुरणशाळा उभी राहिली. आताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवावेत आणि सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक जाणकारांकडून त्यांनी शिकावं असं म्हटलं आहे. म्हणजे बागेत तास घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

पावसाचं गणित आणि जांभ्याची माती

पहिला धडा बी पेरण्याआधीच सुरू होतो. सरळ बाजूंची एक प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा, बाहेरून मोजपट्टी चिकटवायची आणि मोकळ्या जागी ठेवायची. झालं पर्जन्यमापक. तळ वाकडातिकडा असेल तर आधी शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून घ्यावं. रोज ठरलेल्या वेळी एका मुलाने आकडा वाचायचा आणि फळ्यावर लिहायचा.

आता एक साधं नातं मुलांना सापडू द्यावं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी जमा होतं. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीत तर त्याच्या दुपटीहून अधिक. समजा वर्गाचं छप्पर जमिनीवर ८ मीटर गुणिले ६ मीटर एवढी जागा झाकतं. ही जागा ४८ चौरस मीटर झाली, म्हणजे ३,००० मिलिमीटर पावसात त्या एका छपरावर १,४४,००० लिटर पाणी पडतं. उडून, सांडून पाचवा हिस्सा वाया गेला तरी १० हजार लिटरचे ११ टँकर भरतील. हे गणित मुलांनी स्वतः सोडवलं की पुढचा प्रश्न कुणी सांगावा लागत नाही: मग मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर का येतो?

सातवीतलं एखादं मूल विचारतं, कौलारू छप्पर उतरतं असतं, त्याचं क्षेत्रफळ जास्त भरेल ना? प्रश्न छान आहे. पाऊस सरळ पडतो असं धरलं तर छप्पर कितीही उतरतं असो, त्याची जमिनीवर जेवढी सावली पडेल तेवढंच पाणी मिळतं. दुपारी बारा वाजता पट्टी तिरकी धरून तिची सावली मोजली की हे डोळ्यांनी दिसतं.

टँकरच्या प्रश्नाचं उत्तर मातीत आहे. लाखो वर्षांच्या धो-धो पावसाने इथल्या खडकातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम, पोटॅश असे विरघळणारे घटक धुऊन नेले आणि मागे राहिले ते लोह आणि ॲल्युमिनियम. हा उरलेला दगड म्हणजे जांभा. लोह गंजतं, म्हणून तो तांबडा. तो सच्छिद्र असल्याने पाणी चाळणीतून जावं तसं खाली जातं आणि उतारावरून थेट खाडीला मिळतं. मुलांसाठी प्रयोग सोपा आहे. तीन बाटल्यांची बुडं कापून त्या उलट्या टांगायच्या. एकीत जांभ्याची भरड माती, दुसरीत भाताच्या मळ्यातली माती आणि तिसरीत जांभ्याच्या मातीत निम्मं कुजलेलं शेणखत मिसळून भरायचं. प्रत्येकीत एकेक पेला पाणी ओतायचं, खाली किती वेळात किती पडलं ते लिहायचं. तिसऱ्या बाटलीने धरून ठेवलेलं पाणी पाहिल्यावर खत का घालायचं हे वेगळं समजवावं लागत नाही.

शेणखताचं आणखी एक काम आहे, ते बाटलीत दिसत नाही. आपली माती बहुधा आम्लधर्मी असते. अशा मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) पकडून ठेवतात, त्यामुळे ते मातीत असूनही मुळांना मिळत नाही. सेंद्रिय खताने ही पकड काही प्रमाणात सैल होते. शाळेच्या मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा, आणि येणारी पत्रिका शिक्षकांच्या कपाटात न ठेवता मुलांकडून वाचून घ्यावी.

पावसाने आणखी एक गोष्ट शिकवावी: वाफ्याचा आकार ऋतूप्रमाणे बदलतो. जुलैत सपाट वाफा केला तर मुळं कुजतात, म्हणून चिरे (जांभ्याचे ठोकळे) लावून उंच गादीवाफा करायचा आणि दोन वाफ्यांमधून पाणी वाहून जायला पाट ठेवायचा. पाऊस गेला की उलट, वाफा थोडा खोलगट हवा, म्हणजे घातलेलं पाणी तिथेच राहतं. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या शाळेत तर खाली नुसता कातळ असतो. तिथे चिऱ्यांची चौकट करून मळ्यातली माती आणून टाकण्याला पर्याय नाही.

भोपळ्याचं फूल शाळेच्या वेळेला बंद

बागेत काय लावावं यावर पुष्कळ याद्या मिळतात. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी मांडव घालून वेल लावावेत, दुसरं थोडंच. पडवळ, दोडका, काकडी, कारलं, लाल भोपळा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. त्याने आपल्या हवामानासाठी कारल्याची ‘कोकण तारा’, पडवळाची ‘कोकण श्वेता’ अशी वाणं काढली आहेत. एका मांडवावर विद्यापीठाचं वाण आणि शेजारी गावठी बियाणं लावलं तर तुलनेचा विषय आपोआप तयार होतो.

वेलच का? कारण या वेलांवर नरफूल आणि मादीफूल वेगवेगळं असतं, आणि ते उघड्या डोळ्यांनी ओळखता येतं. मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं इवलंसं फळ असतं, नरफुलाला नुसता देठ. वेलावर आधी नरफुलंच येतात. त्यामुळे ‘फुलं भरपूर येतात पण धरत नाहीत’ ही तक्रार दरवर्षी होते, आणि मुलांनी रोज दोन्ही फुलं वेगळी मोजली की तिचं अर्धं उत्तर मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर वेळेत आहे. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. शाळा भरते साडेदहाला. मुलं पोचतात तेव्हा फुलाचा कारभार जवळजवळ आटोपलेला असतो. पडवळ, दोडका आणि दुधी यांचा हिशोब याच्या उलट, त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात. पडवळाच्या पाकळ्यांना पांढऱ्या तंतूंची झालर असते, ती दिवेलागणीला पसरते आणि रात्री पतंग तिच्यावर येतात. शाळेतल्या वेलावर मुलांना ही झालर सुकून मुरगळलेलीच दिसते. म्हणून या पाठाचा निम्मा भाग घरी व्हायला हवा. कोणतं फूल किती वाजता उमललं, त्यावर कोण आलं, एवढंच लिहून आणायचं. इथे घरातली आजी कामाला येते. ‘पडवळाचा फूल सांजेक बघ गो’ हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

मग एक दिवस शाळा लवकर भरवावी आणि प्रयोग करावा. आदल्या संध्याकाळी भोपळ्याच्या दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादीकळ्या हेराव्यात आणि मलमलच्या छोट्या पिशव्यांनी झाकाव्यात. कागदाच्या नकोत, पावसात त्यांचा लगदा होतो. काही नरकळ्याही तशाच झाकाव्यात. सकाळी सात-साडेसातला निम्म्या मादीफुलांची पिशवी काढायची, नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलायच्या, मधला पिवळा पराग मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा आणि पिशवी परत बांधायची. उरलेली निम्मी मादीफुलं झाकलेलीच ठेवायची, आणि दोन-चार फुलं मुळातच उघडी सोडायची. प्रत्येक देठाला वेगळ्या रंगाचा दोरा. आठवडाभरात झाकलेल्या फुलांमागचं फळ पिवळं पडून गळतं, पराग लावलेलं फुगायला लागतं. उघड्या फुलांचं काय होतं ते पावसावर अवलंबून. झडीच्या दिवसांत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा उघडी फुलंही गळतात. पर्जन्यमापकाची वही आणि फुलांची वही शेजारी ठेवली की मुलांना दोन नोंदींमधला धागा स्वतः सापडतो. माझ्या दृष्टीने विज्ञान म्हणजे हेच, आणि ते पाचवीच्या मुलाला जमतं.

फळ धरलं तरी संकट टळत नाही. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, फळ वाकडं होतं, आतून सडतं. वेलांसाठी क्यू-ल्यूरचा, म्हणजे नरमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा सापळा लावतात. त्यात नरमाश्या येऊन अडकतात, त्या दर आठवड्याला मोजाव्यात. सडलेली फळं मात्र बागेत टाकून देऊ नयेत, त्यातूनच पुढची पिढी निघते.

वेलांच्या पायथ्याशी चवळी टोकावी. तिला फुलं येऊ लागली की एक रोप खुरप्याने सैल करून अलगद उपटायचं, बादलीत मुळं धुवायची. मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखाने एक गाठ फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर समजावं की त्यातले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडून रोपाला देत आहेत. शेजारचा लाल माठ उपटला तर मुळं गुळगुळीत. सूत्रकृमी या मातीतल्या सूक्ष्म किड्यांमुळेही मुळांवर गाठी येतात, पण तेव्हा मूळच सुजलेलं असतं. चवळीची गाठ बोटाने चोळली की निघून येते.

बाग पोषण आहाराला पुरेल का?

पुरणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. पोषण आहाराच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. लहान वर्गातली ४० मुलं धरली तरी रोज २ किलो आणि २०० दिवसांचे ४०० किलो. शाळेच्या कडेच्या चार वाफ्यांतून एवढी भाजी वर्षभर निघणं कठीण आहे. हा हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा. मग बागेकडे दुसऱ्या नजरेने बघता येतं: आठवड्यातून एक दिवस ताटात माठ, शेवग्याचा पाला किंवा अळू आला आणि त्यावर लिंबू पिळलं तर काय फरक पडतो? पालेभाजीतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने ते जास्त प्रमाणात शोषलं जातं. आणि घरी माठाला नाक मुरडणारी मुलं स्वतः खुडलेला माठ खातात, हे शिजवणाऱ्या ताईंना विचारून बघा.

या ताईंना बागेच्या नियोजनात बसवायलाच हवं. कोणती भाजी किती शिजते, कुठली मुलं टाकतात, हात आणि ताटं धुतलेलं पाणी कुठे जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्या पाण्याच्या वाटेवर केळी आणि अळू लावावं. ते पाणी रोज किती बादल्या जातं हे एकदा मोजलं की मार्चनंतर बागेचा कोणता कोपरा जगेल ते आताच कळतं.

वाडीची शहाणीव

बागेतला खरा जाणकार बऱ्याचदा शाळेच्या कुंपणाबाहेर असतो. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटवी, म्हणजे फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट बांधतात. त्यात आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचं शिपटं, कवंडळ, हरणं अशी रानातली नि परसातली फळं-पानं असतात. ती कुठे मिळतात, कधी पिकतात, कोणतं खायचं आणि कोणतं विषारी म्हणून हात लावायचा नाही, हे घरातल्या मोठ्यांना पाठ असतं. गणपतीच्या सुट्टीनंतर प्रत्येक मुलाने आपल्या माटवीतल्या वनस्पतींची यादी आणली की गावाची वनस्पती-नोंद तयार होते. काही वर्षांनी त्याच याद्या ताडून पाहिल्या तर कुठलं झाड दिसेनासं झालं तेही समजेल.

बियाण्याचंही तसंच. दमट हवेत बी टिकवणं हे कोकणातलं अवघड काम. घरच्या बाया बी उन्हात खडखडीत वाळवतात, राखेत घोळतात, डब्यात भरतात. राख ओल शोषते आणि किडीला दूर ठेवते. शिक्षकांनी त्यात एक भर घालावी. चवळीचं फूल स्वतःच्याच परागाने धरतं, म्हणून तिचं बी बहुधा आईसारखंच निघतं. भोपळ्याचा पराग मधमाशी शेजारच्या वेलावरून आणते, त्यामुळे दोन जातींचे भोपळे जवळ असतील तर पुढच्या वर्षी काय येईल याचा भरवसा नाही. मलमलची पिशवी बांधून हाताने पराग लावलेल्या फळाचंच बी राखावं.

एका गोष्टीचं मला फार वाटतं, म्हणून स्पष्ट लिहितो. बागेत मुलींनी झाडलोट आणि पाणी, मुलग्यांनी खणणं, अशी वाटणी होऊ देऊ नये. बागकाम ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. उशिरा आला म्हणून गवत काढायला पाठवलेलं पोर बागेवर कसं प्रेम करेल? आणि ज्यांची घरची माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या बागेत मजुरीला असतात, त्या मुलांना नोंद, मोजमाप आणि निर्णय यांतला वाटा आधी मिळायला हवा.

सुरक्षेचं थोडक्यात, पण टाळू नये असं. जांभ्याच्या गडग्यात, पाचोळ्यात फुरसं असतं, ते लहान दिसलं तरी विषारी आहे. ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. साप चावला तर गावठी उपायात वेळ न घालवता थेट प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि तो दवाखाना कोणता हे जूनमध्येच भिंतीवर लिहून ठेवायचं. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही. पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण आपल्याकडे सापडतात, आणि चिखलात काम केल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं.

मार्च ते मे

बागा मरतात त्या इथे, म्हणून आखणी उलटीकडून करावी. जून ते ऑक्टोबर वेल. दिवाळीच्या सुट्टीआधी किंवा लगेच नंतर, ओल असेपर्यंत, कुळीथ किंवा वाल. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आणि दवावर ही पिकं येतात, हे आपल्या शेतकऱ्यांनी कधीचंच सिद्ध केलेलं आहे. ज्या शाळेजवळ वहाळ (ओढा) आहे तिथे पाऊस संपताच मातीने भरलेल्या सिमेंटच्या गोण्यांचा वनराई बंधारा घालावा. त्याने आसपासच्या विहिरीची पातळी किती दिवस टिकली हे दोरीने मोजत राहावं. मार्चपासून मात्र वाफे मोकळे सोडावेत, वर पाचोळ्याचं आच्छादन टाकावं आणि फक्त झाडं जगवावीत: शेवगा, कढीपत्ता, लिंबू, केळी. प्रत्येक रोपाशेजारी कुंभाराकडचं साधं, रंग न लावलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरावं आणि झाकण ठेवून पाण्याने भरावं. पाणी झिरपत मुळाशी जातं, उडून जात नाही, झाकण असल्याने डासही होत नाहीत.

कुंपणाचाही विचार याच वेळेचा. भात निघालं की गुरं मोकळी सुटतात आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत संपते. बेडं (कुंपणाचं फाटक) लावायला विसरलं तर कितीही चांगला गडगा उपयोगाचा नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. एप्रिलच्या बैठकीत त्यांच्यासमोर एक कागद ठेवावा: कोणतं मडकं कोणत्या घराने भरायचं, बेड्याची चावी कुणाकडे, विहीर आटली तर पाणी कुठून. त्यात मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांची मुलंही घ्यावीत. ती पंधरा-वीस दिवस असतात आणि दुपारी त्यांना काय करावं ते सुचत नाही. मडकं किती दिवसांत रिकामं होतं हे लिहायचं काम त्यांना द्यावं, आणि वही कशी भरायची ते शाळेतल्या मुलांनी त्यांना शिकवावं.